मशरूम चॉकलेटच्या आत असतं तरी काय? फोर-अॅको-डीएमटी सोप्या भाषेत

हल्ली नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. चॉकलेटच्या वडीचा फोटो, रंगीबेरंगी कागद, त्यावर मशरूमचं चित्र, आणि खाली मजकूर की पुण्या-बंगलोरकडं कॉलेजची पोरं हे खातात, सावध राहा. मी शिरपूरकडं फार्मसीच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवतो, म्हणजे औषध शरीरात जाऊन काय करतं तो विषय, त्यामुळे असं काही आलं की फोन मलाच येतात. पारोळ्याच्या एका मामांनी सरळ विचारलं, "हाई काय शे भाऊ? मशरूमनी भाजी ते आपन बी खातस." प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांची पोरं बारावीनंतर बाहेरगावी शिकायला गेलीत अशा बऱ्याच घरांत तो असणार, फक्त विचारायचं कोणाला ते कळत नाही, आणि नेटवर शोधायला गेलं तर एकीकडे 'चमत्कारी औषध' आणि दुसरीकडे 'एकदा खाल्लं की माणूस वेडा' एवढंच हाताला लागतं. दोन्ही चूक.

सुरुवात एका खऱ्या प्रकरणापासून करू. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेत 'डायमंड श्रूम्झ' नावाची चॉकलेटं आणि गमी बाजारातून परत मागवावी लागली, कारण खाणारी माणसं फिट येऊन, बेशुद्ध होऊन, छातीत धडधड होतेय म्हणून दवाखान्यात पोचत होती. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने वेगवेगळे नमुने तपासले तर काय काय निघालं बघा: मस्किमॉल, जे एका वेगळ्याच जातीच्या मशरूममध्ये असतं आणि ज्याचं काम पण वेगळंच असतं, प्रीगाबालिन, म्हणजे आपल्याकडं हातापायाला मुंग्या आणि नसांच्या दुखण्याला लिहून देतात तीच गोळी, सायलोसिन, आणि फोर-अॅको-डीएमटी. कागदावर मशरूम आणि आत लॅबमध्ये बनलेली पावडर. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे. शास्त्रीय लिखाणात त्याला सायलासेटिन पण म्हणतात.

सांगाडा एकच, मागची जोडणी वेगळी

फोर-अॅको-डीएमटी हे ट्रिप्टामाइन आहे. ट्रिप्टामाइन हा एक रासायनिक सांगाडा आहे. मी वर्गात फळ्यावर आधी सहा कोपऱ्यांची एक कडी काढतो, तिला चिकटून पाच कोपऱ्यांची दुसरी, मग पाचवालीतून दोन कार्बनची छोटी शेपूट आणि शेपटीच्या टोकाला नायट्रोजन. संपलं. कडीच्या कोपऱ्यांना नंबर असतात, त्यातले आपल्याला फक्त ४ आणि ५ लागणार आहेत.

आता हा सांगाडा म्हणजे ट्रॅक्टर समजा. ट्रॅक्टर तोच, पण मागे ट्रॉली लावली तर ऊस वाहतो, रोटाव्हेटर लावला तर ढेकळं फोडतो, ब्लोअर लावला तर फवारणी करतो. नुसतं "ट्रॅक्टर आला" म्हटल्यानं शेतात काय होणार ते कळत नाही, मागे काय जोडलंय ते बघावं लागतं. ट्रिप्टामाइनचं असंच आहे. ५ नंबरच्या कोपऱ्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लावा, झालं सेरोटोनिन, जे आत्ता तुमच्या-माझ्या शरीरात आहे. ५ वरची जोडणी थोडी बदला आणि शेपटीला एक तुकडा लावा, झालं मेलाटोनिन, रात्री झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, मेडिकलवर त्याच्या गोळ्या मिळतात. शेपटीच्या नायट्रोजनला दोन मिथाइलचे तुकडे लावले की डीएमटी होतं, म्हणजे तीव्र भ्रम करणारं रसायन, आणि गंमत म्हणजे याच डीएमटीच्या ५ नंबरला गंधक असलेला एक तुकडा जोडला की सुमाट्रिप्टान होतं, जे अर्धशिशीला जगभर डॉक्टर लिहून देतात आणि ज्यानं कोणालाही भिंतीवर नक्षी दिसत नाही.

वर्गात हे सांगितलं की पोरं थबकतात. मी खडूनं काढलेला ५ वरचा तुकडा डस्टरनं पुसतो आणि विचारतो, आता हे औषध आहे की ड्रग? तेवढा एक तुकडा सगळं ठरवतो.

आपल्याला हव्या त्या रेणूवर येऊ. डीएमटीच्या ४ नंबरला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लावली की सायलोसिन होतं. 'मॅजिक मशरूम' म्हणतात त्यात खरं काम करणारा रेणू हाच. मशरूम मात्र तो बहुतेक करून फॉस्फेटचं झाकण लावून ठेवतं, त्या रूपाचं नाव सायलोसायबिन. फॉस्फेटच्या जागी अॅसिटाइलचा तुकडा लावला, म्हणजे अॅस्पिरिनमध्ये असतो तोच, की झालं फोर-अॅको-डीएमटी. नावातच पत्ता आहे, चार नंबरवर अॅसिटाइल-ऑक्सिजन आणि बाकी डीएमटी.

हे कालपरवाचं रसायन पण नाही. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, एलएसडी पहिल्यांदा बनवणारे तेच. त्यांनी १९५८ मध्ये मेक्सिकोच्या मशरूममधून सायलोसायबिन वेगळं काढलं आणि १९६३ मध्ये त्यांच्या आणि ट्रॉक्सलर यांच्या नावावर सँडोझनं अशा जवळच्या रेणूंचं पेटंट घेतलं, त्यात हा अॅसिटाइलवाला पण होता. मग तो कपाटात पडून राहिला. १९९९ मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक डेव्हिड निकोल्स यांनी लिहिलं की सायलोसायबिन बनवणं कटकटीचं आहे, संशोधनाला हा भाऊ वापरला तर सोपं पडेल. संशोधकांसाठी दिलेला सल्ला होता तो, पण सोपं आणि स्वस्त म्हटल्यावर बाजारानं पण ऐकलाच.

तोंडात गेल्यावर पुढं काय

पोटातून रक्तात जाताना आणि लिव्हरमध्ये शरीरातली एन्झाइम ते अॅसिटाइलचं झाकण काढून टाकतात, आणि उरतं सायलोसिन. सायलोसायबिनचं फॉस्फेट पण असंच निघतं, फक्त काढणारं एन्झाइम वेगळं. म्हणजे वाटा दोन पण गाव एकच. उंदरांवरच्या प्रयोगात हे सरळ दिसलंय, फोर-अॅको दिलं की रक्तात सायलोसिन सापडतं आणि उंदीर डोकं झटकायला लागतात. हे डोकं झटकणं म्हणजे कानात पाणी गेल्यावर कुत्रं झटकतं तसं, क्षणभराचं, झर्रकन. फार्माकॉलॉजीत ही मान्य चाचणी आहे, कारण भ्रम करणारी या जातीची बहुतेक रसायनं उंदराला दिली की तो असं करतो, आणि काच-पेटीपाशी बसून मिनिटाला किती झटके ते मोजता येतं. उंदराला "काय दिसतंय रे बाबा" विचारता येत नाही ना.

माणसांवरचा नीट अभ्यास सायलोसायबिनवर झालाय, आणि शेवटी काम करणारा रेणू एकच असल्यानं त्यावरून बरंच सांगता येतं. तोंडावाटे घेतल्यावर साधारण २० ते ४० मिनिटांत सुरू होतं, भरल्या पोटी त्याहून उशिरा, आणि चारेक ते सहा तास चालतं. घोटाळा इथंच होतो. अर्धा तास झाला, काहीच झालं नाही, म्हणून पोरगं दुसरी वडी खातं, आणि मग दोन्ही एकदम चढतात.

बाहेरून काय दिसतं? डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, बीपी आणि नाडी थोडी वाढलेली, मळमळ, जांभया, कधी कारण नसताना रडू. आतून काय होतं ते सांगणारे सांगतात की रंग गडद होतात, फरशीवरची नक्षी हलायला लागते, डोळे मिटले तरी आकार दिसतात, पाच मिनिटं तासासारखी वाटतात, 'मी' आणि बाकी जग यातली रेघ पुसट होते. कोणाला हे फार सुंदर वाटतं, कोणाला आपण मेलोच अशी भीती बसते, आणि एकाच माणसाला एकाच रात्री दोन्ही होऊ शकतं. कुठं बसलोय, सोबत कोण आहे, मनात आधीच काय चाललंय यावर फार अवलंबून असतं, दारूपेक्षा कितीतरी जास्त.

मेंदूत नेमकं कुठं पकडतं

पेशीवर ठरावीक जागा असतात, तिथं ठरावीक रसायन येऊन बसलं की पेशी काम सुरू करते. त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. एकट्या सेरोटोनिनसाठी शरीरात चौदा प्रकारचे रिसेप्टर आहेत, आणि सायलोसिन त्यातल्या बऱ्याच जणांवर बसतं, पण भ्रमाचं मुख्य काम होतं ते टू-ए नावाच्या रिसेप्टरवर. मेंदूच्या बाहेरच्या थरात, जिथं आपण बघितलेलं-ऐकलेलं एकत्र करून त्याचा अर्थ लावतो, तिथं हे भरपूर असतात.

हे कळलं कसं? १९९८ मध्ये झुरिचला फोलेनवायडर यांच्या टीमनं लोकांना आधी केटान्सेरिन दिलं, जे टू-ए अडवून ठेवतं, आणि मग सायलोसायबिन दिलं. भ्रम जवळपास झालेच नाहीत. मग हॅलोपेरिडॉल दिलं, जे डोपामिन नावाचं मेंदूतलं दुसरं रसायन अडवतं आणि वेडाच्या झटक्यात आपल्या सिव्हिलमध्ये सुद्धा वापरतात, तर त्यानं काही थांबलं नाही, उलट वेडासारखी लक्षणं वाढली. म्हणजे वरून वेडासारखं दिसलं तरी आतली वाट वेगळी आहे.

पुढं काय होतं? तो भाग अजून उलगडतोय, पण २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला, त्यात फक्त ७ निरोगी माणसं होती पण प्रत्येकाचा मेंदू आधी, दरम्यान आणि नंतर पुन्हापुन्हा स्कॅन केला होता. एरवी मेंदूचे जे भाग एका तालात चालतात त्यांचा ताल सायलोसायबिननं विस्कटला, आणि जो भाग आपण स्वतःबद्दल विचार करतो तेव्हा जागा असतो तिथं हे सगळ्यात जास्त झालं. 'मी' ची रेघ पुसट होते असं लोक का सांगतात ते इथं थोडं कळतं. बहुतेक बदल एका दिवसात पूर्ववत झाले, पण आठवणींशी जोडलेल्या भागाशी असलेलं एक कनेक्शन काही आठवडे कमजोर राहिलं.

सेरोटोनिन तर आपल्यातच आहे, मग आपण रोज भ्रमात का नसतो?

हा प्रश्न वर्गातली हुशार पोरं हमखास विचारतात आणि मला तो फार आवडतो, कारण उत्तराची सुरुवात आपल्या रावेर-यावलच्या केळीपासून करता येते. केळात सेरोटोनिन असतं, खरंखुरं, सालीत तर जास्तच. काही रुग्णांची लघवीची एक खास तपासणी करायची असते तेव्हा लॅबवाले आधी केळी खाऊ नका असं सांगतात, कारण त्यानं रिपोर्ट वाढून येतो. पण डझनभर केळी खाल्ली तरी कोणाला काही दिसत नाही. का? कारण रक्त आणि मेंदूच्या मध्ये एक चाळण आहे, पाण्यात सहज विरघळणारी रसायनं तिथून सहसा जात नाहीत आणि सेरोटोनिन तसंच आहे. मेंदू त्याला लागणारं सेरोटोनिन स्वतः बनवतो. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन तर आतड्यात असतं.

मग सायलोसिन कसं जातं, त्याला पण तीच ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे की? आहे, पण ४ नंबरला. ४ नंबर शेपटीच्या जवळ पडतो, त्यामुळे ती जोडी शेपटीच्या नायट्रोजनशी आतल्या आत हात मिळवून बसते, पाण्याला धरायला फार काही उरत नाही, आणि रेणू चाळणीतून जातो. तीच जोडी एक घर सरकवून ५ ला लावली की बुफोटेनिन होतं, तेवढेच अणू, तेवढंच वजन, पण ते मेंदूत फार कमी पोचतं. एका कोपऱ्याचा फरक. (मला इतकी वर्षं शिकवून पण हे दर वेळी नवं वाटतं.)

अजून एक तुकडा २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या ओल्सन यांच्या टीमनं दाखवलं की टू-ए रिसेप्टर पेशीच्या बाहेरच नाही तर आतमध्ये पण असतात. सेरोटोनिन आपल्या आपण पेशीच्या आत शिरू शकत नाही, ते बाहेरच्यांनाच भेटतं, पण डीएमटी आणि सायलोसिन आत घुसतात. त्यांच्या प्रयोगात मेंदूच्या पेशींना एकमेकींशी नव्या जोडण्या फुटण्याचं काम या आतल्या रिसेप्टरमुळे झालं. म्हणजे ट्रॅक्टर सारखाच, पण एक बांधापाशीच थांबतो आणि दुसरा थेट वावरात जातो.

"पण हे तर नैसर्गिकच आहे ना, मशरूमचंच"

फोर-अॅको-डीएमटी लॅबमध्ये बनतं, त्यामुळे ही सबब इथं लागूच पडत नाही. पण समजा मशरूमचंच असतं, तरी काय? धोतरा आपल्या उकिरड्यावर उगवतो, शंभर टक्के नैसर्गिक, आणि बिया खाल्ल्या की माणूस आयसीयूत जातो. उलट लॅबमध्ये बनलं म्हणून वाईट असं पण नाही, इन्सुलिन आणि पॅरासिटामॉल लॅबचंच आहे. नैसर्गिक की कृत्रिम यावर माझ्या मते वेळ घालवू नये. विचारायचं ते हे: रेणू कोणता, किती, आणि कोणाच्या शरीरात.

यातला 'किती' सगळ्यात अवघड आहे. वाळलेल्या मशरूममध्ये काम करणारं रसायन वजनाच्या एखाद टक्क्याच्या आसपास असतं, बाकी सगळा पालापाचोळा. पावडर म्हणजे नुसता रेणू. मिलिग्रॅममध्ये खेळ असतो, जळगावच्या सराफाच्या काट्यावर मोजावं असं प्रकरण, आणि हे कोणीतरी खोलीत बसून वितळलेल्या चॉकलेटात ढवळणार. नीट मिसळलं नाही तर एका तुकड्यात काहीच नाही आणि शेजारच्या तुकड्यात चौघांचं. औषध कंपनीत या एका गोष्टीसाठी, म्हणजे प्रत्येक गोळीत सारखंच औषध आहे का यासाठी, अख्खा विभाग असतो आणि नमुना फेल झाला तर बॅच फेकतात. त्या रंगीत कागदामागं यातलं काहीही नसतं.

"व्यसन लागत नाही म्हणतात, मग एवढी काळजी कशाला?"

हे बरंचसं खरं आहे आणि खरं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पोरं आपलं बाकीचं पण ऐकत नाहीत. दारू, तंबाखू, अफूसारखी ओढ याची लागत नाही. टू-ए रिसेप्टर एकदा जोरात वापरले की आत ओढले जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तेवढंच घेतलं तर फारसं काही होत नाही, परत आधीसारखं व्हायला काही दिवस जातात. शिवाय शुद्ध सायलोसिननं थेट विषबाधा होऊन माणूस दगावणं फार दुर्मिळ आहे.

पण व्यसन हा एकच धोका असतो का? ज्याच्या घरात, म्हणजे आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे त्याला यातून झटका येऊ शकतो आणि तो सहा तासांत उतरेलच असं नाही. म्हणून परदेशातल्या ट्रायलमध्ये अशा लोकांना दारातूनच परत पाठवतात. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. आपल्या भागात मानसिक आजार घरात लपवतात, लग्न मोडेल म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून. त्या पोराला कित्येकदा माहीतच नसतं की काका 'देवभोळे' नव्हते, आजारी होते. मला विचाराल तर खान्देशातला सगळ्यात मोठा धोका हा आहे, आणि तो त्या पावडरीत नाही, आपल्या गप्प बसण्यात आहे.

दुसरं, बाकीच्या गोळ्या. लिथियम, म्हणजे बायपोलरला देतात ते औषध, चालू असलेल्या माणसानं हे घेतलं तर फिट येण्याचा खरा धोका आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी लोकांनी स्वतः लिहिलेले ६२ अनुभव तपासले ज्यात लिथियम आणि या जातीची रसायनं सोबत घेतली होती, तर जवळपास निम्म्यांत फिट आल्याचं लिहिलेलं होतं. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी पण फिटचा धोका वाढवते. डिप्रेशनच्या एसिटालोप्राम, फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्या चालू असल्या तर उलट होतं, परिणाम कमी जाणवतो, मग पोरगं जास्त खातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे 'नीट लागावं' म्हणून स्वतःच्या मनानं गोळ्या एकदम बंद करतं. आणि टीबीचं औषध लागू पडत नाही अशा रुग्णाला लिनेझोलिड देतात, ते सेरोटोनिन मोडणाऱ्या एन्झाइमला थोडंफार अडवतं, त्यामुळे त्याच्यासोबत सेरोटोनिनशी खेळणारं काहीही घेणं म्हणजे आगीशी खेळ.

तिसरं हृदय. सेरोटोनिनचा टू-बी नावाचा रिसेप्टर हृदयाच्या झडपांवर असतो. फेनफ्लुरामिन नावाची वजन कमी करायची गोळी होती, तिनं याच रिसेप्टरमार्फत झडपा खराब केल्या आणि १९९७ मध्ये ती बाजारातून काढावी लागली. सायलोसिन पण टू-बी वर बसतं. एखाद्या वेळेचा प्रश्न नाही, पण 'मायक्रोडोस' म्हणून महिनोन्महिने थोडं थोडं घेणारे आहेत त्यांनी हे डोक्यात ठेवावं.

बाकी साधा धोका म्हणजे त्या सहा तासांत गच्चीवर जाणं, बाइक काढणं, विहिरीच्या काठावर बसणं. यावर जास्त बोलायची गरज नाही.

"मग परदेशात डॉक्टर डिप्रेशनला हेच देतात ते खोटं का?"

खोटं नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२३ पासून ठरावीक परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना, औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी सायलोसायबिन वापरू दिलंय. २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १० देशांतल्या २३३ रुग्णांची ट्रायल छापून आली. एकदाच डोस दिला. तीन आठवड्यांनी मोठ्या डोसच्या गटात ३७ टक्के लोकांना चांगला फरक पडला होता, अगदी नाममात्र डोसच्या गटात १८ टक्क्यांना. बारा आठवड्यांनी तोच फरक टिकून असलेले २० आणि १० टक्के. म्हणजे काहीतरी नक्की आहे, पण जादू नाही, आणि विरतं पण. शिवाय ज्याला मोठा डोस मिळाला त्याला तो मिळाल्याचं कळतंच, त्यामुळे औषधाचं काम किती आणि आशेचं किती हे वेगळं काढणं कठीण जातं.

आणि देतात कसं ते बघा. आधी घरातल्या आजारांची चौकशी, चालू गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू बंद, खोलीत शिकलेली माणसं पूर्ण वेळ बसलेली, डोस मिलिग्रॅमपर्यंत पक्का, नंतर बोलण्याच्या बैठका. शिवाय तिथं सायलोसायबिन वापरतात, फोर-अॅको नाही. हॉस्टेलच्या खोलीतल्या चॉकलेटशी याचं नातं एवढंच की रेणू शेवटी एक आहे. मला मनापासून वाटतं की आपल्याकडंही हे संशोधन व्हावं, आत्महत्या आणि डिप्रेशन आपल्या शेतकरी घरांना काय करून गेलंय ते आपण बघतोय. पण कंपनीनं नाही, डॉक्टरनं नाही, कोणीच जबाबदारी न घेतलेल्या वडीला औषध म्हणणं म्हणजे त्या संशोधनाचंच नुकसान आहे.

"यादीत नाव नाही, मग कायदेशीरच ना?"

विकणारे हे ठासून सांगतात. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत सायलोसिन, सायलोसायबिन आणि डीएमटी ही नावं आहेत, आणि कलम ३ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून नवीन नाव कधीही टाकू शकतं. अमेरिकेतल्या त्या वस्तूंमध्ये सायलोसिन थेट सापडलंच होतं, म्हणजे यादीतलं नाव वडीत असू शकतं आणि खाणाऱ्याला ते ठाऊक पण नसतं. ब्रिटननं तर सायलोसिनला झाकण लावून बनवलेली अशी रूपंच सरळ बंदीत घेतलीत. शिवाय खाण्याच्या वस्तूत असं काही मिसळून विकायला अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे, औषध म्हणून विकायचं तर १९४० चा औषध कायदा आहे. कुठूनच सुटका नाही.

रात्री असं काही घडलं तर

पोरगं घाबरलंय, बडबडतंय, पण शुद्धीत आहे, ताप नाही, फिट नाही, अशा वेळी शांत खोली, कमी उजेड, ओळखीचा एकच माणूस जवळ. "तू जे खाल्लंस त्यानं होतंय, काही तासांत उतरेल" हे हळू आवाजात पुन्हापुन्हा सांगायचं. वाद घालायचा नाही, मारायचं नाही, बांधायचं तर मुळीच नाही, आणि एकटं सोडायचं नाही. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी, उतारा म्हणून ताक-लिंबू-तूप यातलं काही नको. भूक वाढवायचं सायप्रोहेप्टाडिनचं सिरप टू-ए अडवतं हे खरं आहे आणि सेरोटोनिन फार वाढल्यावर दवाखान्यात ते वापरतात पण, पण म्हणून घरातल्या बाटलीतून पाजायचं नाही, गुंगी येते आणि मग डॉक्टरला काहीच कळत नाही.

फिट आली, बेशुद्ध पडला, छातीत दुखतंय, अंग तापलंय आणि हातपाय ताठ होऊन झटके देतायत, यातलं काहीही दिसलं की थेट १०८. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत कुशीवर झोपवा.

दवाखान्यात गेल्यावर एक गोष्ट मात्र लपवू नका. लघवीची जी नेहमीची ड्रग-किट असते ती गांजा, अफू, अॅम्फेटामिन अशा ठरावीक गोष्टी पकडते, हे रसायन त्यात येत नाही. किट निगेटिव्ह आली म्हणून डॉक्टर दुसरंच काही शोधत बसतात आणि वेळ जातो. चॉकलेटचा कागद, उरलेला तुकडा, मोबाइलवरचा ऑर्डरचा फोटो जे असेल ते सोबत न्या, किती वाजता किती खाल्लं ते सांगा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, मानसोपचाराच्या पण. पोलिसांची भीती वाटते हे मी समजू शकतो, पण समोर बसलेल्या डॉक्टरला आधी जीव वाचवायचाय आणि त्याला तुमच्याकडून तेवढीच माहिती हवीय. तातडी संपल्यावर बोलायला कोणी हवं असेल तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी नंबर आहेत, पैसे लागत नाहीत, आणि टेली-मानसवर मराठीत बोलता येतं.